एक तार, दोन यंत्रे

कागदावरील मजकूर तारेने दूर पाठवून तेथे जसाच्या तसा उमटविणारे यंत्र म्हणजे फॅक्स. या कल्पनेचे पहिले पेटंट अलेक्झांडर बेन या स्कॉटिश घड्याळजीने १८४३ मध्ये, म्हणजे दूरध्वनीच्या शोधापूर्वीच, इंग्लंडात घेतले. पुढे १९८० च्या सुमारास आंतरराष्ट्रीय मानके ठरली आणि फॅक्स कचेरी-कचेरीत पोहोचला. परंतु त्याकरिता निराळी तार घेणे लहान कचेऱ्यांस परवडत नसे. एकाच तारेवर संभाषण व फॅक्स दोन्ही चालावीत, म्हणून स्वयंचलित बदलकळ निर्माण झाली.

तारेवर घंटा वाजली, तरी ती माणसाची की यंत्राची, हे घंटेवरून कळत नाही. म्हणून बदलकळ प्रथम स्वतःच हाक स्वीकारते आणि कान देऊन ऐकते. पाठविणारे फॅक्स यंत्र सेकंदास ११०० कंपनांचा सूर अर्धा सेकंद काढते, तीन सेकंद थांबते व पुन्हा काढते. हा सूर ओळखू येताच तार फॅक्सकडे जोडली जाते. न आल्यास दूरध्वनीची घंटा वाजविली जाते. मानवी वाणीतही ही कंपने असू शकतात. म्हणून सूर शुद्ध आहे काय आणि पुरेसा वेळ टिकतो काय, हेही पाहावे लागते. मधली शांतता तीन सेकंदांची असल्याने उतावीळपणे निर्णय करून चालत नाही. तेवढ्या अवधीत बोलणाऱ्यास कृत्रिम घंटानाद ऐकविला जातो; मात्र हाक स्वीकारली गेल्याने त्याचा आकार तेव्हापासूनच चालू होतो.

या व्यवस्थेत एक उणीव होती. हाताने चालविलेली काही जुनी यंत्रे हा सूर काढीतच नसत. मग दूरध्वनी वाजे, उचलणाऱ्यास केवळ शांतता ऐकू येई, तो दूरध्वनी खाली ठेवी आणि निकडीचा कागद वाटेतच राही. यावर उपाय म्हणून ठराविक अंक दाबून तार फॅक्सकडे वळविण्याची सोय अनेक बदलकळांत असे. ती सोय जवळच्या प्रत्येकास ठाऊक असणे आवश्यक होते.

वर्गात हा पाठ यंत्रावाचून देता येतो. एका विद्यार्थ्याचे डोळे बांधावेत. इतरांनी गलबला करावा. त्यात एकाने ठरल्या अंतराने शिटी वाजवावी. शिटी ओळखून विद्यार्थ्याने उजवा हात वर करावा, अन्यथा डावा. नंतर शिटी न वाजविता तोच प्रयोग करावा आणि विचारावे : खूण देणाराच गप्प राहिला, तर ऐकणाऱ्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर मुलांनी स्वतः शोधले, म्हणजे पाठ सफल झाला असे समजावे.