शहाण्यांचा वेडेपणा आणि फाल्गुनराव

जुन्या इंग्रजी नाटकातला मूर्खपणा दोन प्रकारचा. एक पोटापाण्यासाठी मूर्ख झालेल्या विदूषकाचा, दुसरा आपण मूर्ख आहोत याचा पत्ताच नसलेल्या शहाण्याचा. पहिल्याचे शेक्सपिअरने सोने केले. ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये ओलिव्हिया मेलेल्या भावाचे सुतक धरून बसलेली असते. भावाचा आत्मा नरकात असणार, असे फेस्टे हा विदूषक मुद्दाम म्हणतो. नाही, स्वर्गात आहे, असे ती ठासून सांगते. मग स्वर्गात गेलेल्यासाठी रडणारी बाई मूर्खच, असा निकाल देऊन तो मोकळा होतो. पगारी मूर्ख मालकिणीला मूर्ख ठरवतो आणि तिला त्याचा राग येत नाही. रॉबर्ट आर्मिन हा नट कंपनीत आल्यावर शेक्सपिअरचे विदूषक असे तल्लख झाले, असे अभ्यासक मानतात.

हे मराठी प्रेक्षकाला परके नव्हतेच. विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत सूत्रधारासोबत विदूषक असे आणि तमाशातला सोंगाड्या राजालाही टोले हाणत असे. तरीही मराठीत खरा मुरला तो दुसरा प्रकार, आणि त्याचे श्रेय गोविंद बल्लाळ देवलांचे.

आर्थर मर्फीचे ‘ऑल इन द राँग’ हे प्रहसन 1761 मधले. त्याचे मूळ मोलिएरच्या 1660 च्या नाटकात. देवलांनी त्यावरून आधी ‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक लिहिले. त्यात पदे घालून झालेले ‘संगीत संशयकल्लोळ’ 1916 मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. देवल त्याच वर्षी वारले.

सगळा घोटाळा एका तसबिरीचा. रस्त्यात घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीकडून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते आणि ती न्याहाळत असताना नवरा तिला पाहतो. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाकडे दिसताच अश्विनशेठला रेवतीचा संशय येतो. प्रत्येकाकडे पुरावा आहे, तर्क बिनचूक आहे, निष्कर्ष तेवढा साफ चुकीचा. इथे विदूषकाची गरजच उरत नाही. चतुर नोकर भादव्या आहे, पण मूर्खपणाचा मक्ता मालकांकडेच.

देवलांची खरी हुशारी मात्र एका बदलात दिसते. मर्फीची नायिका सभ्य घरातली अविवाहित तरुणी आहे. मुलींची लग्ने लहानपणीच उरकणाऱ्या तेव्हाच्या पांढरपेशा मराठी समाजात अशी प्रेयसी आणायची कुठून? देवलांनी रेवतीला नायकिणीच्या घरची केली. त्यामुळे प्रेम पटण्याजोगे झालेच, शिवाय अश्विनशेठच्या संशयाला जगाच्या कुजबुजीचा आधार मिळाला. पुरुषांना महिन्यांची आणि स्त्रियांना नक्षत्रांची नावे देऊन साऱ्या मंडळींना एकाच पंचांगात बसवण्याची गंमत तर खास त्यांचीच.

बालगंधर्वांची रेवती गाण्यांसाठी गाजली. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव मात्र गद्यावरच उभा होता, आणि पुढच्या नटांची तुलना त्याच्याशीच होत राहिली.