मिसिंग करणारी गाडी आणि कारणाचा शोध

मागच्या वेळी आपण अनुमानापाशी थांबलो होतो. धूर दिसला की डोंगरावर आग आहे असं आपण कशाच्या बळावर म्हणतो, हा प्रश्न होता. आज त्याच प्रश्नाला आपण मोटारीच्या बॉनेटखाली नेणार आहोत. काहींना वाटेल, सरांचं आता वय झालं. पण कार्यकारणभाव हा विषय आम्ही आयुष्यभर फळ्यावर शिकवला आणि त्याचा हिशोब चुकता केला तो सत्तरी उलटल्यावर, मस्तगडातल्या आमच्या घराच्या दारात, हाताला ऑइल लावून.

झालं असं. गेल्या पावसाळ्यात आमची जुनी पेट्रोल गाडी ‘मिसिंग’ करायला लागली. सिग्नलला उभी असताना थरथरायची, चढावर झटके द्यायची आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा. गॅरेजमध्ये नेली. त्यांनी चारही स्पार्क प्लग बदलले. गाडी तीन दिवस छान चालली. चौथ्या दिवशी आम्ही सौभाग्यवतींना तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला नेत होतो. साठेक किलोमीटरचा रस्ता. पुढे सळया भरलेला ट्रक. जालन्याच्या रस्त्यावर ते रोजचंच. ओव्हरटेकला बाहेर काढली आणि ऐन मधे इंजिनानं दम सोडला. समोरून येणाऱ्यानं ब्रेक मारला म्हणून आज आम्ही बोलतो आहोत. त्यानंतर कोणी म्हणालं इंजेक्टर साफ करा, कोणी म्हणालं इंजिनाचं काम निघालं, गाडी विकून टाका. तेव्हा ठरवलं, आता एकही पार्ट बदलायचा नाही. आधी कारण शोधायचं.

आता मिसिंग म्हणजे काय ते आधी पाहू. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण येतं, पिस्टन ते दाबतो, ठिणगी पडते आणि स्फोट होतो. चार सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला 800 फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला 400 स्फोट होतात. चारांचे मिळून 1600, म्हणजे सेकंदाला सुमारे सत्तावीस. एका सिलिंडरनं दांडी मारली की या लयीत खड्डा पडतो. तो खड्डा म्हणजे मिसिंग.

स्फोटाला तीन गोष्टी लागतात : योग्य प्रमाणातलं मिश्रण, पुरेसा दाब आणि वेळेवर ठिणगी. स्फोट होत नसेल तर या तिघांपैकी एकाचा तरी अभाव आहे. आपला सगळा शोध या तीन खोल्यांच्या घरातच करायचा आहे. ही मर्यादा कळली तरी निम्मी भीती जाते.

पहिली पायरी, गुन्हेगार सिलिंडर ओळखणं. अलीकडच्या गाड्यांमध्ये स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. अमेरिकेत ते 1996 पासून सक्तीचं झालं, आपल्याकडे नंतर आलं. त्याला छोटा स्कॅनर लावला की कोड वाचता येतो. पी0301 म्हणजे पहिला सिलिंडर, पी0302 म्हणजे दुसरा, असं पुढे. पी0300 म्हणजे एकच असा सिलिंडर नाही, कधी हा कधी तो. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानं स्कॅनर आणला. कोड निघाला पी0303. पहिला सिलिंडर कोणत्या बाजूचा, हे मात्र गाडीच्या पुस्तिकेत पाहा. अंदाजानं मोजू नका.

इथे लगेच उड्या मारू नयेत. आमच्या मस्तगडाची गढी 1725 सालची, निजाम-उल-मुल्क आसफजाहाच्या हुकमानं काबिलखानानं बांधलेली. तिथल्या फारसी शिलालेखात बांधकामाचं साल सापडतं, पण पुढे एखादी भिंत का ढासळली हे शिलालेख कसं सांगणार? कोडचंही तसंच आहे. तो ‘कुठे’ सांगतो, ‘का’ सांगत नाही. पी0303 म्हणजे ‘कॉइल बदला’ असा अर्थ नव्हे.

स्कॅनर नसेल तर? इंजिन बंद करा, एका इंजेक्टरचं कनेक्टर काढा आणि पुन्हा सुरू करा. इंजिन जास्त थरथरलं, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर तो आधीच कामावर नव्हता. बंद करा, जोडा, पुढचा तपासा. जुने मेकॅनिक चालू इंजिनावर प्लगची वायर उपटायचे. ते आपण करायचं नाही. कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात, शिवाय न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं.

दुसरी पायरी, ‘का’. इथे न्यायशास्त्र कामाला येतं. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त अन्वय आणि व्यतिरेक समजावले आहेत. जिथे धूर तिथे अग्नी, हा अन्वय. जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, हा व्यतिरेक. दोन्ही जुळले की संबंध पक्का. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यानं 1843 च्या आपल्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात जवळपास हीच गोष्ट वेगळ्या अंगानं मांडली : बाकी सगळं तसंच ठेवा, एकच गोष्ट बदला आणि फरक पाहा.

दारातल्या गाडीवर हे असं करायचं. इंजिन थंड होऊ द्या, हँडब्रेक लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवा आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर. बाकी कशाला हात लावू नका. वायर जोडा, कोड पुसा, गाडी गल्लीत हळू फिरवा. आता कोड पी0302 आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला. कॉइल जिथे तिथे मिसिंग, कॉइल नाही तिथे मिसिंग नाही. अन्वयही झाला, व्यतिरेकही झाला. कोड पी0303 च राहिला, तर कॉइल निर्दोष. मग हाच प्रयोग प्लगवर करा.

प्लग काढलाच आहे तर नीट पाहा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर तब्येत ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओला आणि पेट्रोलचा वास असेल तर बहुधा ठिणगी पडत नाही. तेलकट असेल तर ऑइल आत येतंय. पांढऱ्या चिनी मातीला केसाएवढी चीर असेल तर ठिणगी तिथूनच पळते.

प्लगही निर्दोष निघाला तर मिश्रणाकडे वळा. चालू इंजिनाच्या इंजेक्टरला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून मूठ कानाला धरा. एकसारखी टकटक ऐकू आली पाहिजे. फिरत्या बेल्टपासून आणि पंख्यापासून मात्र हात नि कपडे लांब. वायर उंदरांनी कुरतडली आहे का तेही पाहा. बाजारपेठेच्या गावात हा संशयित कधी विसरू नये. कोड पी0300 असेल तर कारण चौघांना सामायिक असणार : हवेच्या पाइपची गळती, पेट्रोलचा कमी दाब, टाकीत शिरलेलं पाणी. आणि शेवटी कॉम्प्रेशन. एका सिलिंडरचा दाब बाकीच्यांपेक्षा बराच कमी भरला, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. इथून पुढे मात्र गॅरेजच.

आमच्या गाडीचं काय झालं? कॉइलची अदलाबदल केली, दोन दिवस काहीच नाही. आम्ही थोडे हिरमुसलो. तिसऱ्या दिवशी गल्लीच्या चढावर झटका बसला. स्कॅनर लावला : पी0302! कॉइल काढून उन्हात धरली, तर तिच्या रबरावर पेन्सिलीनं ओढावी तशी बारीक करडी रेघ. वीज तिथून बाहेर पळत होती.

मग प्लग बदलल्यावर तीन दिवस गाडी चालली कशी? कावळा बसायला आणि फांदी मोडायला. प्लग बदलताना कॉइल काढाव्याच लागतात. काढल्यावर त्या पुसल्या गेल्या, ओल गेली, रेघेवरची वाट काही काळ बंद झाली. श्रेय मिळालं नव्या प्लगांना. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कारण हरवतं, ते असं.

पण कॉइल तरी का बिघडली? तिसऱ्या प्लगच्या खड्ड्यात तळाशी ऑइल साचलेलं होतं. टॅपेट कव्हरचं सील कडक होऊन झिरपत होतं आणि त्या ऑइलनं रबर खराब झालं. नुसती कॉइल बदलली असती, तर वर्षभरात पुन्हा हाच पाढा. म्हणून कॉइल आणि सील दोन्ही बदलली. एक कार्य होतं, एक त्याचं कारण.

एक सावधगिरी. इंजिनाचा दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल, तर प्रयोग नकोत. वेग कमी करून गाडी बाजूला घ्या आणि थांबा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो तापून आतून वितळतो आणि तो पार्ट फार महाग पडतो.

श्रोत्यांमधून चिठ्ठी आली आहे : ‘सर, मेकॅनिकला हे कळत नाही का?’ कळतं हो. आम्ही सील बदलायला त्याच गॅरेजमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं, तेव्हा तो मुलगा म्हणाला, “सर, दोन दिवस गाडी ठेवून बघतो म्हटलं तर गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही. पार्ट बदलला की देतं.” आम्ही गप्प झालो. खरं आहे. आपण वस्तूचे पैसे देतो, विचाराचे देत नाही. मग समोरचाही विचार सोडून वस्तूच देतो. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये गेलात, तर ‘काय बदलायचं’ याआधी ‘कशावरून’ एवढं विचारा आणि ते शोधायला लागलेल्या वेळाचे पैसे आनंदानं द्या. आमची ओव्हरटेकची ती वेळ आठवली की वाटतं, ते पैसे फार थोडे आहेत.

पुढच्या वेळी हेत्वाभास. नमस्कार.