कार्बन खातो कोण, आर्सेनिक सुटतं कसं?

बंगालच्या त्रिभुज प्रदेशात अनेक ठिकाणी हापशाचं पाणी नितळ येतं आणि बादलीत थोडा वेळ राहिलं की तांबूस होतं. विरघळलेलं लोह हवेशी भिडल्याची ही खूण. गाळातला सेंद्रिय कार्बन जिवाणू खातात. ऑक्सिजन संपला की श्वसनासाठी लोहाची ऑक्साइडं वापरतात, त्यात लोह विरघळतं आणि ऑक्साइडांना चिकटलेलं आर्सेनिकही पाण्यात उतरतं. उपशामुळे हवा आत शिरून पायराइट या लोह-सल्फाइड खनिजातलं आर्सेनिक सुटतं, असा प्रतिवाद पूर्वी होत असे. पण तसं असतं तर सल्फेट वाढलं असतं. दूषित पाण्यात ते बहुधा अत्यल्पच सापडतं. कार्बन स्वतः विषारी नाही, हे खरं. तरीही लिटरला १० मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची आर्सेनिक-मर्यादा कुठे ओलांडली जाते हे समजून घ्यायचं, तर तो कार्बन येतो कुठून, हेही तपासावं लागेल.