शिडाच्या जहाजांनी इंग्रजीला दिलेले वाक्प्रचार

ज्या शब्दसमूहाचा अर्थ सुट्या शब्दांच्या अर्थावरून हाती लागत नाही आणि ज्यातील शब्द मनाला येईल तसे बदलता येत नाहीत, त्याला वाक्प्रचार म्हणतात. मराठीत माणसाच्या नाकी नऊच येतात, आठ किंवा दहा येत नाहीत. इंग्रजीतील कित्येक वाक्प्रचारांपाशी मराठी वाचक अडखळतो, याचे एक कारण असे की ते ज्या शिडाच्या जहाजांवर जन्मले, ती जहाजे आता नेहमीच्या पाहण्यातली राहिलेली नाहीत. त्या जहाजांवर मात्र हे शब्द अलंकार नव्हते, खलाशांच्या रोजच्या कामाची ती भाषा होती.

‘टेकन अबॅक’ हा त्यांतील सर्वांत बोलका प्रयोग होय. जहाज पुढे जायचे तर वारा शिडात मागच्या अंगाने भरावा लागतो. परंतु वारा एकाएकी फिरला किंवा सुकाणू धरणाऱ्याची चूक झाली, तर तोच वारा शिडाच्या पुढच्या बाजूवर आदळतो, कापड डोलकाठीवर मागे दाबले जाते, जहाज जागीच थबकते, प्रसंगी मागे सरकू लागते आणि वारा जोराचा असल्यास डोलकाठी मोडण्याचीही वेळ येते. कोणाच्या अनपेक्षित बोलण्याने माणसाची अशी अवस्था झाली की इंग्रजीत हाच वाक्प्रचार येतो. त्यासाठी मराठीत सर्रास वापरला जाणारा ‘आश्चर्यचकित होणे’ हा पर्याय तोकडा आहे, कारण त्यात धक्का आणि खुंटलेली गती उतरत नाही; ‘अवाक् होणे’ हा त्याहून जवळचा ठरतो.

‘थ्री शीट्स टु द विंड’ या प्रयोगात ‘शीट’ या शब्दाने हमखास फसगत होते. येथे शीट म्हणजे शीड किंवा चादर नव्हे, तर शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा दोर. असे तीन दोर सुटले की शिडे फडफडतात, जहाज झोकांड्या खाऊ लागते आणि म्हणून दारू पिऊन तर्र झालेल्या माणसाला हे शब्द लागू झाले. हा प्रयोग बोलण्यातला आहे, कार्यालयीन पत्रात तो शोभणार नाही. याउलट ‘बाय अँड लार्ज’ गंभीर लेखनातही चालतो: ‘बाय’ म्हणजे वाऱ्याच्या रोखाला शक्य तितके जवळ राहून जाणे, ‘लार्ज’ म्हणजे मागून येणाऱ्या मोकळ्या वाऱ्यावर जाणे, आणि या दोन्ही स्थिती मिळून ‘एकंदरीत’ हा आजचा अर्थ सिद्ध झाला.

मात्र प्रत्येक शब्दामागे समुद्राची कथा शोधण्याचा मोह आवरला पाहिजे. ‘पॉश’ हा मराठीतही रुळलेला शब्द ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ यांच्या आद्याक्षरांपासून बनला, म्हणजे हिंदुस्थानात येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची सावलीतील खोली मिळणाऱ्या श्रीमंत प्रवाशांच्या तिकिटावर ती अक्षरे छापली जात, असे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. परंतु तसे छापलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही.