तेर : कापडाचे, विटांचे आणि कुंभाराचे गाव

धाराशिव जिल्ह्यात पाहुणा आला की त्याला आधी तुळजापूरला नेतात. हातात आणखी एक दिवस असेल तर नळदुर्गचा किल्ला आणि त्यातला नर-मादी धबधबा, नाहीतर परंड्याच्या बुरुजावरच्या तोफा. तेरचे नाव यादीत बऱ्याचदा शेवटी येते. धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर तेरणेच्या काठी वसलेल्या या गावात लांबून डोळ्यांत भरेल असे काही नाही. तरीही महाराष्ट्रातल्या ज्या थोड्या गावांची नावे दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या माणसांनी लिहून ठेवली, त्यांत तेर आहे. आणि ते नाव कुठल्या लढाईसाठी किंवा राजासाठी लिहिलेले नाही. ते कापडासाठी लिहिलेले आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहिली. ‘पेरिप्लस’ म्हणून ते लहानसे पुस्तक ओळखले जाते. लिहिणाऱ्याचे नाव कोणाला माहीत नाही. भडोच बंदराची माहिती देताना तो दोन बाजारगावे सांगतो: भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरहून साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांमधून, धड रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोचला येते, असे तो लिहितो. पुढे टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे.

या दोन ओळी वाचताना मला त्या गाड्या दिसू लागतात. मराठवाड्याच्या काळ्या रानात पावसाळ्यात गाडी चालत नाही, चाक आसापर्यंत रुतते. म्हणजे तांडा निघायचा तो दसऱ्यानंतर, वाफसा येऊन वाटा वाळल्यावर. तिकडे इजिप्तहून जहाजे जुलैच्या सुमाराला सुटत, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर भडोचला लागत आणि वारा फिरला की हिवाळ्यात परत निघत. त्याआधी माल धक्क्यावर पोचायला हवा. महिनाभराची वाट, बैलांची वैरण, नद्यांचे उतार हे सगळे धरून हिशेब करणारी माणसे तेरमध्ये होती. कापूस पिकवणारा, सूत काढणारी, विणणारा, गाठोडी बांधणारा आणि गाडी हाकणारा यांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. पण सातवाहनांच्या भरभराटीत त्यांचा वाटा राजधानीच्या पैठणकरांपेक्षा कमी होता, असे मी मानायला तयार नाही.

तगर म्हणजे नेमके कोणते गाव, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. कोणी देवगिरी म्हणाले, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवले, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा कल बीडकडच्या धारूरकडे होता. 1901 साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे निजामाच्या राज्यातले तेर, असे मांडले आणि ते मान्य झाले. पाठोपाठ पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स इथे आले आणि त्यांनी इथल्या मंदिरांची सविस्तर नोंद केली. 1958 मध्ये चापेकर यांनी इथे उत्खनन केले, पुढेही उत्खनने झाली. सातवाहनकाळातल्या विटांची बांधकामे, मणी, शंखाच्या बांगड्या, पांढऱ्या केओलिन मातीच्या रेखीव मूर्ती आणि आतून चाकाच्या आऱ्यांसारख्या भिंती घालून रचलेला विटांचा एक मोठा स्तूप उजेडात आला.

रोमशी चाललेला व्यापार आटला, तरी गाव संपले नाही. दुसऱ्या पुलकेशीच्या इसवी सन 612 च्या ताम्रपटात दान घेणारा ब्राह्मण तगरचा रहिवासी आहे. शिलाहार राजे ठाण्यात, दक्षिण कोकणात, कोल्हापुरात राज्य करत होते, पण बिरुद मिरवत होते ‘तगरपुरवराधीश्वर’ असे. मूळ गाव सुटले तरी त्याचे नाव सोडवत नाही, हे आजही पुण्या-मुंबईत गेलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला वेगळे सांगावे लागणार नाही. जैन परंपरेतही हे गाव आहे. मुनी कनकामरांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात राजा करकंड तेरापुराला येतो आणि जवळची लेणी पाहतो. ती धाराशिवची लेणी, असे अभ्यासक सांगतात. गावात महावीरांचे जुने मंदिर आहे आणि जैन यात्रेकरू तिथे लांबून येतात.

पण तेरला गेल्यावर आधी पाहावे ते त्रिविक्रमाचे मंदिर. समोरून पाहिले तर पुढे सपाट छपराचा मंडप दिसतो आणि फसायला होते. वळसा घालून मागे जावे. मागची भिंत काटकोनात न मिळता अर्धगोल वळते आणि वरचे छप्पर लांबट, फुगीर, गजपृष्ठाकार आहे. पुढच्या बाजूला छपराच्या तोंडाशी घोड्याच्या नालाच्या आकाराची कमान आहे. कार्ले, भाजे, अजिंठा इथे डोंगर कोरून केलेले चैत्यगृह ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही कमान लगेच ओळखू येते. फरक इतकाच की तिथे दगड पोखरला आहे आणि इथे वीट वीट रचून ते उभे केले आहे. असे बांधीव चैत्याकार मंदिर देशात उभे राहिलेले फार थोडे. आंध्रातल्या चेजर्ल्याचे कपोतेश्वर मंदिर त्याचे जवळचे भावंड. मुळात हा बौद्ध चैत्य असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. आज आत तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणारा विष्णू उभा आहे आणि त्याची पूजा होते. लोकांनी वास्तू पाडली नाही, वापरात ठेवली. ती उभी राहिली याचे सगळ्यात मोठे कारण मला हेच वाटते. ज्या वास्तूत रोज दिवा लागतो, तिच्या भेगेत उगवलेले पिंपळाचे रोप कोणीतरी वेळेत उपटतो.

तेरची वीट हा वेगळा विषय आहे. गावात कोणालाही विचारा, ‘इथली वीट पाण्यावर तरंगते’ असे अभिमानाने सांगतील. तशा हलक्या विटा इथे खरोखर मिळाल्या आहेत. विटेच्या मातीत भाताचा तूस कालवला की भट्टीत तो जळून जातो, आत बारीक पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते. फुगीर छपराचे वजन अर्धगोल भिंतींवर तोलायचे, तर हलकी वीट हवीच. हे गणित ज्याने जमवले, तो मातीत हात घालणारा कारागीर होता.

आता ज्या माणसामुळे तगर डोळ्यांनी पाहता येते, त्याच्याविषयी. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच व्यापारी. पुरातत्त्वाचे शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. गावाभोवतीच्या पांढरीच्या टेकड्यांवर पाऊस पडला की माती वाहून जाते आणि खालचे काहीबाही वर येते: मणी, नाणे, मातीच्या बाईचे मस्तक, तुटकी बांगडी. पिढ्यान्‌पिढ्या मुले त्यांच्याशी खेळली आणि मोठ्यांनी त्यांना खापर म्हणून टाकून दिले. लामतुरे यांनी ते गोळा केले, सांभाळले, वाढवले. पुढे हा सगळा ठेवा शासनाकडे आला आणि आज त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेरमध्ये उभे आहे. वस्तू मुंबई-पुण्याला न जाता ज्या मातीतून निघाल्या तिथेच राहिल्या, याचे मोल फार आहे.

संग्रहालयात घाई करू नये. हस्तिदंतातली एक स्त्रीमूर्ती आहे, उंचीने वीतभरही नाही. कमरेची मेखला, हातातले अलंकार इतके बारीक कोरले आहेत की काचेला नाक लावूनच पाहावे लागते. 1938 मध्ये इटलीतल्या पाँपेईच्या एका घरात अशाच घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात ते शहर इसवी सन 79 मध्ये गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिथे पोचली होती. तेर आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या मूर्तींशी तिचे साम्य पाहून ती दख्खनमध्येच घडली असावी, असे अभ्यासकांनी म्हटले आहे. ‘पेरिप्लस’मध्ये लिहिलेली वाट किती लांब जात होती, ते या एका मूर्तीसमोर उभे राहिल्यावर समजते. उत्तरेश्वराच्या विटांच्या मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखाही इथेच आहे. वाळवी, ऊन आणि पाऊस यांतून तगलेले इतके जुने कोरीव लाकूड दख्खनमध्ये क्वचितच पाहायला मिळते.

मराठवाड्यात धाब्याच्या घरांच्या माळवदावर पांढरी माती घालायची रीत होती. ती पाणी मुरू देत नाही, उन्हाळ्यात घर थंड ठेवते आणि ती मिळायची जुन्या वस्तीच्या टेकडीतून. शेतकऱ्यांनी खत म्हणून रानातही नेली. त्यात लोकांचा दोष नाही. गरज होती, टेकडी दारात होती आणि तिच्यात काय आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. पण अशा टेकड्या टोपल्या-टोपल्यांनी कमी होत गेल्या. लामतुरे यांनी उचलून ठेवले नसते, तर ते मणी कुठल्या तरी माळवदात दडपले गेले असते.

तेरचे आजचे दैवत मात्र ना त्रिविक्रम, ना उत्तरेश्वर. ते आहेत गोरोबाकाका. परंपरेने त्यांचा जन्म 1267 चा मानतात. नामदेव, निवृत्तिनाथ, ज्ञानदेव या सगळ्यांपेक्षा वयाने वडील, म्हणून काका. चिखल तुडवताना विठ्ठलाच्या नामात देहभान हरपले आणि रांगत आलेले स्वतःचे मूल पायाखाली गेले, ही गोष्ट महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. कन्नडमध्ये 1974 साली राजकुमार यांनी ‘भक्त कुंबार’ चित्रपटात हीच भूमिका केली आणि तिकडच्या घराघरांत तेरचा कुंभार पोचला.

मला जास्त जवळची वाटते ती थापटण्याची गोष्ट. संतमंडळी काकांकडे जमली होती. मुक्ताबाईने कोपऱ्यातल्या थापटण्याकडे बोट दाखवून विचारले, काका, हे काय? कच्चे मडके कोणते, पक्के कोणते हे यावरून कळते, काका म्हणाले. मग यातले कच्चे कोणते ते सांगा, असे तिने म्हटल्यावर काका एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारत गेले. सगळे शांत बसले, नामदेव रागावले, आणि काकांनी सांगितले की हे मडके कच्चे आहे. त्यानंतर नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, असे परंपरा सांगते. ज्या सभेत ज्ञानदेव बसले होते, तिथे परीक्षा घेण्याचा मान कुंभाराकडे गेला आणि परीक्षेचे साधनही त्याच्याच हातातले होते. वारकरी पंथाने काय घडवले, ते समजून घ्यायला एवढी एक गोष्ट मला पुरेशी वाटते.

शके 1239, म्हणजे 1317 साली चैत्र वद्य त्रयोदशीला काकांनी देह ठेवला. तेरणेकाठी त्यांचे समाधी मंदिर आहे. चैत्रातल्या यात्रेला दिंड्या येतात, टाळ-मृदंगाचा गजर होतो आणि राज्यभरातला कुंभार समाज या गावाला आपले माहेर मानून येतो. ऊन रणरणते असते, रान मोकळे असते, शेतकऱ्याला सवड असते. तेर जिवंत पाहायचे तर ते तेव्हाच.

कुंभाराच्या चाकाची गरज या भागात अजून सरलेली नाही. नवरात्रात तुळजापूरच्या परिसरात घरोघर घट बसतात, संक्रांतीला सुगडी लागतात, पोळ्याला मातीचे बैल. आणि येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, हा धाराशिव-लातूरचा खास सण. त्या दिवशी गाव ओस पडते, झाडून सगळे रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत पाच पांडव मांडायचे, भज्जी, उंडे आणि ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील. ही आंबील रानात न्यायची ती मातीच्या बिंदगीतून. बाई डोक्यावर बिंदगी घेऊन बांधावरून चालते, तेव्हा तिच्या बाहेरच्या अंगावर ओल सुटलेली असते आणि आतली आंबील दुपारपर्यंत गार राहते. स्टीलच्या डब्यातही ती नेता येते, बरेच जण नेतात; पण येळवसच्या आधीच्या बाजारात बिंदग्यांचे ढीग अजून लागतात, आणि घेणारी बाई बोटाच्या पेराने टिचकी मारून आवाज ऐकल्याशिवाय पैसे देत नाही.

तेरमधले पुष्कळसे तगर अजून जमिनीखाली आहे. आजची घरे, गोठे, रस्ते त्याच्याच वर आहेत. उत्खननाचे खड्डे त्या मानाने थोडे आणि ते वर्षावर्षांच्या अंतराने झाले. त्यामुळे पुढची महत्त्वाची वस्तू पुरातत्त्वज्ञाच्या कुदळीला लागेल असे नाही. शौचालयाचा खड्डा घेणाऱ्या मजुराला, पाया काढणाऱ्या गवंड्याला किंवा जेसीबीवाल्याला ती आधी दिसेल. मोठ्या आकाराची जुनी वीट दिसली की थांबायचे, कोणाला कळवायचे, वस्तू कुठे जमा करायची आणि घरमालकाचे काम अडून त्याचे नुकसान होणार नाही याची हमी कोण देणार, एवढे चार मुद्दे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून ठेवता येतील. गावातल्या शाळेच्या मुलांना वर्षातून एक दिवस संग्रहालयात बसवून खापर ओळखायला शिकवता येईल. लामतुरे यांना हे कोणी शिकवले नव्हते, आणि तसा दुसरा माणूस आपोआप निपजेल म्हणून गावाने वाट पाहत बसू नये.