पन्नाशीतील निवृत्ती आणि महिनाअखेरचा हिशेब

तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात विद्यार्थ्यांना घेऊन जाण्याचा योग प्रस्तुत लेखकाला अधूनमधून येतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तेथे काय दाखविणार, असा प्रश्न एका सहकाऱ्याने एकदा विचारला होता. उत्तर सोपे आहे. आजचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख येतो. येथील कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात नेले जाई, असेही त्यात नमूद आहे. त्याच शतकात रोममधील थोरला प्लिनी तक्रार करीत होता की, हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्शियस आपल्या साम्राज्यातून ओढून नेतो. तक्रार झाली, परंतु खरेदी काही थांबली नाही. रोमच्या गृहस्थांना खर्च आवरला नाही म्हणून तगरच्या विणकरांचे माग चालले.

दोन हजार वर्षांनंतर माल उलट दिशेने येऊ लागला आहे. आता जगातील वस्तू मोटारसायकलवरून तेरच्या गल्लीबोळांत पोहोचतात आणि प्लिनीची तक्रार आमच्या घरात महिनाअखेरीस ऐकू येते. ही तक्रार करणारा मीच आणि खरेदी करणाराही मीच, एवढाच फरक.

वयाच्या पन्नाशीत नोकरीतून मोकळे व्हावे, असा संकल्प मी २०१९ साली केला. कामाचा कंटाळा हे त्याचे कारण नव्हते. हातपाय धड असताना गावातील मुलांना विनामूल्य शिकवावे, राहून गेलेले वाचन करावे आणि कोणाच्या हजेरीपटावर सही न करता दिवस घालवावा, एवढीच इच्छा होती. त्या दिवसापासून प्रत्येक खर्च वहीत लिहू लागलो. आज वय सेहेचाळीस आहे. वह्या सहा भरल्या, संकल्प मात्र भरला नाही. हे अपयश एकट्याचे असते तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु शिक्षक, कारकून आणि नुकतेच नोकरीला लागलेले आमचे माजी विद्यार्थी यांच्याशी बोलताना तीच कहाणी थोड्याफार फरकाने ऐकावयास मिळते.

निवृत्तिवेतनाचे छत्र

आमच्या आधीच्या पिढीला हा प्रश्न या स्वरूपात पडला नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ अन्वये वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाल्यावर स्वेच्छेने निवृत्त होता येई आणि निवृत्तिवेतनही सुरू होई. राज्यात १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत आलेल्यांसाठी मात्र अंशदानावर आधारलेली योजना लागू झाली. मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या दहा टक्के रक्कम कर्मचाऱ्याने भरावयाची, शासनाने आपला वाटा घालावयाचा आणि बाजारात जे वाढेल ते पदरी घ्यावयाचे, असे तिचे स्वरूप होते. ठरलेल्या वयाआधी बाहेर पडणाऱ्यास जमा रकमेचा मोठा भाग वार्षिकी, म्हणजे ठरावीक नियमित उत्पन्न देणारी योजना, विकत घेण्यातच घालावा लागतो. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी आठवडाभर संपावर गेले, ते जुनी योजना परत मिळावी म्हणून. केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांना १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत निवृत्तिवेतन योजनेचा पर्याय दिला. परंतु स्वेच्छेने लवकर निवृत्त होणाऱ्यास तिचा लाभ मिळू लागतो तो नियत वयोमानाच्या तारखेपासून. मधल्या वर्षांचे काय, हा प्रश्न उरतोच.

जुनी योजना योग्य की नवी, हा वाद येथे करावयाचा नाही. सांगावयाचे ते इतकेच की, ज्या मोकळिकीची तरतूद पूर्वी नियमपुस्तिका करीत असे, ती आता घरातील वहीला करावी लागते. वही ढिली पडली की मोकळीक लांबते.

दुधारी गणित

किती रक्कम जमली म्हणजे पुरे? अमेरिकेतील अर्थसल्लागार विल्यम बेन्जेन यांनी १९९४ साली तेथील बाजाराच्या आकडेवारीवरून एक ठोकताळा मांडला. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी जमा रकमेच्या चार टक्के काढावेत, पुढे महागाईनुसार ती रक्कम वाढवीत जावी, म्हणजे पुंजी तीस वर्षे पुरते, असा त्याचा आशय. याचा सोपा अर्थ, वार्षिक खर्चाच्या पंचवीस पट पुंजी हवी. आपल्याकडे महागाईचा वेग अधिक आणि पन्नाशीत निवृत्त होणाऱ्यास पस्तीस-चाळीस वर्षे काढावयाची असू शकतात. यास्तव मी तीस ते पस्तीस पट धरतो. तूर्त पंचवीसच धरून उदाहरण पाहू.

दरमहा चाळीस हजार खर्च करणाऱ्या कुटुंबाचा वार्षिक खर्च ४ लाख ८० हजार. त्याची पंचवीस पट एक कोटी वीस लाख. हाच खर्च चार हजारांनी कमी झाला, तर वर्षाला ४८ हजार अधिक शिल्लक पडतात, हे कोणीही सांगेल. परंतु त्याच वेळी गाठावयाचे उद्दिष्ट एक कोटी आठ लाखांवर येते, म्हणजे बारा लाखांनी जवळ सरकते. पगारवाढीने केवळ शिल्लक वाढते. काटकसरीने शिल्लक वाढते आणि गरजही घटते. उलट बाजूही तितकीच खरी. पगारवाढीबरोबर राहणीमान वाढविले की धावणारा पुढे जातो आणि शर्यतीची रेषाही पुढे जाते. महागाई सहा टक्के धरली तर आजचे चाळीस हजार बारा वर्षांत ऐंशी हजार होतात, हेही विसरून चालणार नाही.

हे गणित मी वर्गात फळ्यावर अनेकदा मांडले आहे. मग घरी ते का चालत नाही?

वहीने काय दाखविले

आपला पैसा चहा, वर्तमानपत्र, बसभाडे अशा किरकोळ गोष्टींत जातो, अशी माझी समजूत होती. वहीने ती खोटी ठरविली. पहिल्या वर्षाच्या हिशेबात सर्वांत मोठी गळती दिसली ती चारचाकीच्या हप्त्याची. गाडी घेण्याचे कारण मी ‘आईला दवाखान्यात नेण्याची सोय’ असे लिहून ठेवले होते. खरे कारण असे की, महाविद्यालयाच्या आवारातील झाडाखाली पाच सहकाऱ्यांच्या गाड्या उभ्या राहू लागल्या होत्या आणि माझी मोटारसायकल कडेला अवघडल्यासारखी दिसू लागली होती. जेम्स ड्युझेनबेरी यांनी १९४९ साली लिहून ठेवले की, माणसाचा उपभोग त्याच्या उत्पन्नाइतकाच शेजाऱ्यांच्या राहणीवर ठरतो. हा सिद्धान्त मी दरवर्षी शिकवितो. त्याचे उदाहरण मी स्वतःच अंगणात आणून उभे केले. अकरा हजारांचा हप्ता सात वर्षे म्हणजे ९ लाख २४ हजार रुपये. तेच आठ टक्क्यांनी दरमहा साठविले असते, तर सात वर्षांअखेर सव्वाबारा लाखांच्या वर झाले असते.

त्याच वर्षीची दुसरी नोंद अधिक लाजिरवाणी आहे. मुलीच्या शाळेची सहल होती. वर्गणी नऊशे रुपये. ‘या वर्षी नको,’ असे मी म्हणालो. ती काही बोलली नाही. रात्री वही भरताना हप्त्याच्या रकान्याखाली ‘सहल : वाचले ९००’ असे लिहिले आणि हात थबकला. अकरा हजारांपुढे ज्याचे काही चालले नाही, त्याने नऊशे रुपयांवर आपला निर्धार सिद्ध केला होता. काटकसरीचा हा प्रकार आपल्याकडे फार आढळतो. प्रतिष्ठेचा खर्च तसाच राहतो आणि घरातील जो सर्वांत कमी बोलतो, त्याच्या वाट्याला बचत येते. पुष्कळ घरांत तो वाटा गृहिणीचा असतो.

तिसरी नोंद थोरल्या भावाची. घरची शेती तो पाहतो. या भागात नियमित पगार हे एकमेव असे पीक आहे की जे पावसावर अवलंबून नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये याच मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके वाहून गेली. अशा वेळी दादाने कधी मागितले नाही, पण आई म्हणाली, “तुझ्या पगाराला दुष्काळ पडत नाही रे.” त्यावर पंचवीस पटीचा ठोकताळा काय उत्तर देणार? ज्या देशांतून हा लवकर निवृत्तीचा विचार आला, तेथील पुस्तकांत माणूस बहुधा एकटा असतो. येथे एका पगाराच्या आधारावर दोन-तीन घरे टेकलेली असतात.

थापटून पाहावे

तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. कुंभाराचे थापटणे हाती घेऊन त्यांनी जमलेल्या संतांची परीक्षा केली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. खर्चालाही असेच एकेक करून थापटून पाहावे लागते. माझ्या वहीत त्याचे तीन प्रकार निघाले : गरजेचा, नात्याचा आणि प्रतिष्ठेचा.

गरजेचा खर्च कमी करण्यास मर्यादा आहेत. तथापि आपल्या गरजेची कल्पनाही तपासून घेणे बरे. २०२३-२४ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण भारतातील दरडोई मासिक खर्चाची सरासरी ४,१२२ रुपये होती. चौघांच्या कुटुंबास साडेसोळा हजारांच्या आसपास. चाळीस हजारांत काहीच कमी करता येत नाही, असे म्हणणाऱ्याने हा आकडा समोर ठेवावा. नात्याचा खर्च टाळू नये. परंतु तो अचानक आला म्हणजे कर्ज होते. यासाठी मी दरमहा ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकतो. भावाचे बियाणे, भाचीचे लग्न, आहेर, अधिकमासातील वाण, सर्व त्यातून. खाते रिकामे असेल तर तसे स्पष्ट सांगतो. आश्चर्य असे की, त्यामुळे नाते तुटले नाही. उलट देताना मनात येणारी कुरकुर थांबली.

उरला प्रतिष्ठेचा खर्च. कच्चे मडके तेच. त्यावर केवळ मनोनिग्रहाचा उपाय चालत नाही, हा माझा अनुभव आणि शास्त्राचेही तेच म्हणणे आहे. रिचर्ड थेलर व हर्ष शेफ्रिन यांनी १९८१ साली माणसाच्या ठायी दोन व्यक्ती कल्पिल्या : एक पुढचे पाहून योजना आखणारी, दुसरी समोर येईल ते करून मोकळी होणारी. पहिलीने दुसरीला उपदेश करून उपयोग नसतो. तिच्या हाती पैसा पडण्यापूर्वीच बांध घालावा लागतो. थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या योजनेत कर्मचाऱ्यांनी आजच्या पगारातून अधिक बचत करावयाची नव्हती. पुढील पगारवाढीतील हिस्सा बचतीत जाईल, एवढीच आगाऊ संमती द्यावयाची होती. अशी संमती देणाऱ्यांचे बचतीचे प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून साडेतेरा टक्क्यांपर्यंत गेले. न आलेल्या पैशाचा त्याग माणसाला जड जात नाही.

मीही आता तेच करतो. पगार जमा होताच बचतीची रक्कम बँकेतून आपोआप कापली जाते. वेतनवाढीचा अर्धा भाग घरी येतच नाही. हजार रुपयांवरील कोणतीही वस्तू घ्यावीशी वाटली तर तिचे नाव वहीच्या शेवटच्या पानावर लिहून पंधरा दिवस थांबतो. निम्म्याहून अधिक नावे मी स्वतःच खोडतो. भ्रमणध्वनीवरून क्षणात पैसे देण्याची जी सोय २०१६ पासून झाली, तिच्यासाठी वेगळे खाते ठेवले असून त्यात आठवड्यापुरतेच पैसे असतात. नोट मोडताना हाताला जे कळत असे, ते आता शिल्लक रकमेच्या आकड्यावरून कळून घ्यावे लागते. आणि वही महिन्यातून एकदा सर्वांसमोर उघडली जाते. मुलीला तिच्या रकान्यावर मत देण्याचा अधिकार आहे. त्यानंतरच्या सहलीचा ठराव बहुमताने संमत झाला.

एवढे करूनही पन्नाशी हुकणार, हे हिशेब सांगतो. सध्याच्या वेगाने चोपन्नावे वर्ष उजाडेल. पहिल्यांदा हा आकडा काढला तेव्हा वाईट वाटले. आता वाटते की, या चार वर्षांपैकी काही गाडीची आहेत आणि काही दादाच्या शेताची. गाडीपायी गेलेल्या काळाबद्दल पश्चात्ताप होतो. दादासाठी गेलेल्या काळाबद्दल होत नाही. आपल्या आयुष्यातील वर्षे कोणत्या गोष्टींना दिली, हे ज्याला वेगवेगळे सांगता येते, त्याचा हिशेब चुकलेला नाही.

तरुण वाचकांनी, विशेषतः पहिला पगार हाती आलेल्यांनी, एवढे अवश्य करावे. उद्दिष्टाचे वय ठरविण्याआधी एक वर्ष वही लिहावी आणि वर्षाअखेर प्रत्येक मोठ्या नोंदीपुढे ती गरजेची, नात्याची की प्रतिष्ठेची, हे स्वतःच्या हाताने लिहावे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपल्याकडे म्हणतात. आमच्या पिढीची चूक अशी झाली की, अंथरूण आम्ही शेजाऱ्याचे पाहिले.