आपला माल कस्टममधून कसा जातो?



आपल्या गटांचे पापड, लोणची, गोधड्या माजलगावच्या बाजारात विकल्या जातात, प्रदर्शनातही जातात. पण "परदेशात पाठवायचं तर कस्टमचं काय?" असा प्रश्न बैठकीत निघाला की सगळ्या गप्प! मग माल व्यापाऱ्याला देऊन आपण मोकळ्या होतो. तो त्याच्या नावावर माल पाठवतो, म्हणून सरकारी नोंदीत निर्यातदार तोच. पापड लाटणाऱ्या बायांचं नाव कुठंच येत नाही. म्हणून हे काम नीट समजून घेऊ.

देशाबाहेर जाणारा माल सीमाशुल्क विभाग, म्हणजेच कस्टम, तपासतो. माल काय, किती, किमतीला केवढा आणि पाठवतंय कोण, एवढं त्यांना बघायचं असतं. बहुतेक मालावर निर्यातीचं शुल्क लागत नाही. समोरच्या देशात लागलं तर ते कोण भरणार, हे खरेदीदाराशी आधीच लेखी ठरवा.

आपल्याला काय लागतं?

१) आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड. महासंघाच्या पॅनवर ऑनलाइन निघतो, फी ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये माहिती अद्ययावत करावी लागते, नाहीतर तो बंद पडतो.

२) मालाचा कोड. पापडाचा १९०५९०४०. यातले पहिले ६ आकडे जगभर सारखेच चालतात.

३) बिल आणि पॅकिंग यादी. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा परवानाही हवा. शिवाय त्या देशाचे नियम आधी विचारून घ्या.

आता हे काम संगणकावर चालतं. न्हावा-शेवा बंदरातून माल जायचा असेल तर 'आईसगेट' या सरकारी पोर्टलवर शिपिंग बिल भरतात. बहुतेक वेळा ते कस्टम ब्रोकर भरतो. कोणती खेप उघडून बघायची, हे ठरवायला संगणक मदत करतो. सगळं बरोबर असलं की माल सोडायचा हुकूम मिळतो. छोट्या पार्सलसाठी पोस्टाची 'डाकघर निर्यात केंद्रं' आहेत. तिथं पोस्टल बिल ऑनलाइन भरता येतं.

बघा, संगणकाला आपली मेहनत दिसत नाही, त्याला फक्त कागद दिसतो. बिलावर ४० किलो आणि खोक्यात ४२ किलो निघाले, तर पार्सल अडकतं, ऑर्डर लांबते आणि गटाचे पैसे अडकून पडतात. म्हणून खोकं बंद करायच्या आधी दोघीजणींनी वजन, नग आणि किंमत बिलाशी ताडून बघा. ब्रोकरने भरलेला अर्ज वाचल्याशिवाय 'हो' म्हणू नका. पोर्टलचा पासवर्ड आणि ओटीपी महासंघाकडेच ठेवा, कुणालाही देऊ नका.

पुढच्या बैठकीत एवढंच ठरवा: बाहेर पाठवण्याजोगा आपला एक माल कोणता आणि त्याचे कागद कोण सांभाळणार?

तुमची,
क्षेत्र समन्वयक